जुन्या टी २५ कॅम्परला कोणते इंजिन बसवावे? त्याआधी गिअरबॉक्सचा विचार

आपला प्रश्न इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडतो. आपल्याकडे १९८७ची फोक्सवॅगन टी २५ कॅम्पर, म्हणजे मागे इंजिन असलेली, आत राहण्या-झोपण्याची सोय केलेली व्हॅन आहे. तिच्यात मूळचे १.९ लिटरचे, डीजी या संकेताचे, पाण्याने थंड होणारे पेट्रोल इंजिन आणि चार गिअरांचा गिअरबॉक्स आहे. वर्षातून काही वेळा आपण कुटुंबासह बर्मिंगहॅमहून वेल्स आणि स्कॉटलंडकडे जाता. लांब चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्येही ताशी ४० मैलांच्या खाली येते, आणि अलीकडे इंजिनाच्या दोन्ही हेडच्या (सिलिंडरांवरील झाकणांच्या) कडेने कूलंट पाझरू लागले आहे. एका गॅरेजने २.५ लिटरचे सुबारू इंजिन सुचवले आहे, तर आपल्या मित्राच्या मते फोक्सवॅगनचे १.९ टीडीआय, म्हणजे टर्बो डिझेल इंजिन उत्तम. यांपैकी कोणते घ्यावे, असे आपण विचारले आहे.

पुण्यात मॅटाडोरपासून कामाला सुरुवात करून मी गेली बरीच वर्षे इंग्लंडमध्ये मुख्यतः याच गाड्या दुरुस्त करतो, आणि हा प्रश्न माझ्याकडे बहुधा याच स्वरूपात येतो: इंजिन कोणते? माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. आपली खरी अडचण अशी आहे की चढावर, गिअरबॉक्स इंजिनाला मिनिटाला ज्या फेऱ्यांवर आणून ठेवतो त्या फेऱ्यांवर, पुरेशी ताकद मिळत नाही. यात दोन वेगळे दोष मिसळलेले असू शकतात. एक म्हणजे इंजिन स्वतःची मूळ ताकदही देत नसेल. दुसरा म्हणजे मूळ ताकद आणि गिअरांची प्रमाणे यांचा मेळ आपल्या वापराशी बसत नसेल. पहिला दोष दुरुस्तीने जातो, दुसरा इंजिन किंवा गिअर बदलून. कोणता दोष किती आहे हे न पाहता इंजिन खरेदी केले, तर बराच पैसा खर्चूनही पदरात अर्धेच काम पडते.

थोडा हिशेब करू. सामान, पाणी, गॅस आणि चार माणसे धरून आपली गाडी २,२०० किलोच्या आसपास भरेल असे मी धरतो. छत उंच असेल किंवा मागे सायकली लावल्या असतील तर आकडे वाढतील. शंभर मीटरला सहा मीटर चढणारा रस्ता ताशी ५० मैलांनी चढायचा असेल, तर नुसते वजन वर नेण्यासाठी सुमारे २९ किलोवॅट लागतात, हवेचा विरोध तोडण्यासाठी १० आणि टायरांच्या घर्षणासाठी ६. म्हणजे चाकांशी ४५, आणि गिअरबॉक्समधील घट धरता इंजिनाकडून जवळपास ५० किलोवॅट, अर्थात ६८ अश्वशक्ती. डीजी इंजिन नवे असताना ७८ अश्वशक्ती देत असे, परंतु ती ४,६०० फेऱ्यांवर. चौथ्या गिअरमध्ये ५० मैलांना आपले इंजिन साधारण २,८०० फेऱ्यांवर असते आणि तेथे ते नवे असतानाही ४१ किलोवॅटच देऊ शकत असे. म्हणून तिसरा टाकावाच लागतो. तिसऱ्यात त्याच वेगाला ते ४,१०० च्या आसपास फिरते आणि चढ जेमतेम निभावते. निरोगी डीजी इंजिनाने तो चढ गोंगाट करत का होईना, ताशी ५० मैलांनी चढायला हवा.

आपली गाडी मात्र ४० च्या खाली येते. चढ मी धरला तेवढाच असेल तर ४० मैलांसाठी इंजिनाकडून ३७ किलोवॅट पुरेसे आहेत, आणि तिसऱ्या गिअरमधील त्या फेऱ्यांवर नवे इंजिन ४७ च्या आसपास देत असे. याचा अर्थ आपल्या इंजिनाची सुमारे पाचव्या हिश्श्याची ताकद कोठेतरी हरवली आहे. समोरून वारा असेल किंवा गाडी वजनाने अधिक भरली असेल तर हा अंदाज बदलेल. म्हणून प्रवासाला निघताना असते तशीच भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर न्यावी, अशी माझी पहिली विनंती आहे. अनुमत कमाल वजन दारावरील किंवा पुढील पाटीवर असते. कॅम्परमध्ये लाकडी कपाटे, बाहेर ताणायचे कापडी छत आणि दुसरी बॅटरी भरता भरता ती मर्यादा नकळत ओलांडली जाते. तसे झाले असेल तर कोणतेही इंजिन हा त्यावरचा उपाय नव्हे.

हरवलेली ताकद शोधण्याचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन आणि त्यानंतर गळती-चाचणी, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती व्हॉल्व्हमधून, रिंगांमधून की हेडच्या सांध्यातून निसटते हे पाहणे. मग सिलिंडरांना स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची व्हॅक्यूम-डबी आणि त्याच्या आत चढत्या फेऱ्यांबरोबर स्पार्क पुढे आणणारी वजने, कारण इतक्या वर्षांत ती गंजून अडकलेली हमखास सापडतात आणि नेमक्या चढावरच गाडी मरगळते. मग कार्ब्युरेटर: त्याचा दुसरा पडदा पूर्ण उघडतो का, आणि पायाखालचा पेडल तळापर्यंत दाबल्यावर मागे केबल खरोखर शेवटपर्यंत ओढली जाते का. हे शेवटचे सांगताना संकोच वाटतो. पण पुढच्या आसनाखालून मागच्या टोकापर्यंत जाणारी ती लांबलचक केबल सैल पडली म्हणून इंजिन बदलायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. शिवाय ब्रेक अडकून चाके जड फिरत नाहीत ना, हेही हाताने फिरवून पाहावे.

आपल्या बाबतीत कूलंट पाझरण्याचा मुद्दा या सर्वांहून महत्त्वाचा आहे. या इंजिनांची हेडे ॲल्युमिनियमची असतात आणि पाण्याच्या जागेचा बाहेरचा सांधा रबरी गॅस्केटने बंद केलेला असतो. चुकीचे किंवा जुने झालेले कूलंट राहिले की त्या रबराखालील धातू खड्डे पडून खाल्ला जातो, आणि सांधा पाझरू लागतो. फॉस्फेट नसलेले कूलंट वापरावे असे सांगितले जाते ते यासाठीच. नवे रबर लावून हे क्वचितच थांबते. हेड उतरवावी लागतात, पृष्ठभाग वेल्डिंगने भरून घासावा लागतो किंवा हेडच बदलावी लागतात, आणि उतरवताना गंजलेले स्टड तुटण्याची तयारी ठेवावी लागते. थोडक्यात, आपले इंजिन तसेही बाहेर काढून उघडावे लागणारच आहे. पर्यायांची तुलना करताना हा खर्च ‘जुने तसेच ठेवण्याच्या’ बाजूला लिहायला विसरू नये, कारण काहीच न करणे हा पर्याय आपल्यापुढे उरलेला नाही.

आता इंजिनांकडे वळतो, परंतु जाहिरातीतील कमाल अश्वशक्तीने नव्हे, तर वर काढलेल्या त्या २,८०० फेऱ्यांच्या कसोटीने. चौथ्या गिअरमध्ये, ५० मैलांना, ५० किलोवॅट मिळतात का?

फोक्सवॅगनचेच २.१ लिटरचे डीजे इंजिन २,८०० फेऱ्यांना १७४ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते. त्याचे बरोबर ५१ किलोवॅट होतात. कागदावर त्याची कमाल ताकद ११२ अश्वशक्ती आहे. बाहेरून ते आपल्या इंजिनासारखेच असते: सिलिंडरचा व्यास दोन्हींत ९४ मिलिमीटर, फक्त पिस्टनची धाव ६९ वरून ७६ मिलिमीटरवर नेलेली. म्हणजे त्याच माउंटिंगवर, त्याच गिअरबॉक्सला ते बसते. कूलंटच्या होसपाइपांची मांडणी मात्र दोन्ही इंजिनांत वेगळी आहे, तिची जुळवणी आधीच ठरवून घ्यावी. मूळची इंजेक्शन यंत्रणा वायरिंगसह मिळाली तर उत्तम. ती न मिळाल्यास आपल्या कार्ब्युरेटरवरही २.१ चालवतात, तेव्हा वरच्या फेऱ्यांवरील जोर कमी होतो, पण खालची ओढ बऱ्यापैकी टिकते. अर्थात हेडच्या सांध्याचा जन्मजात स्वभाव याही इंजिनात तोच आहे, त्यामुळे कूलंट वेळेवर बदलण्याची शिस्त सुटणार नाही.

टीडीआय म्हणजे बहुतेक वेळा १९९० च्या दशकातील ९० अश्वशक्तीचे १.९ लिटरचे इंजिन. त्याचा २०२ न्यूटन-मीटर टॉर्क १,९०० फेऱ्यांनाच मिळतो, आणि २,८०० ला ते ५५ किलोवॅटच्या पुढे असते. चढावर चौथ्यातच शांतपणे चालत राहणारी गाडी हवी असेल, तर हे इंजिन मनापासून आवडते. टी २५ मध्ये कारखान्यातूनच १.६ लिटरचे डिझेल इंजिन ५० अंश आडवे करून बसवले जात असे आणि टीडीआयचा ब्लॉक त्याच घराण्यातील आहे. म्हणून ते परके वाटत नाही. मात्र त्यासाठी डिझेल गाडीचे बेलहाउसिंग (इंजिन व गिअरबॉक्स जोडणारे कवच), डिझेलचे माउंटिंग, आडव्या इंजिनासाठीचा ऑइल चेंबर आणि तेल ओढणारी नळी इतके सर्व लागते. हे सुटे भाग आता शोधावे लागतात आणि विकणाऱ्याला त्यांची किंमत चांगली ठाऊक असते. इंटरकूलर (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारा भाग) ठेवायला मागे मोकळी हवा येणारी जागा नाही. बाजूच्या झडपांतून हवा घेऊन त्याला पंखा जोडावा लागतो, अन्यथा लांब चढावर तो निव्वळ शोभेचा राहतो.

टीडीआयच्या बाबतीत खरा अडसर गिअरांचा आहे. आपल्या चार गिअरांच्या गाडीत ७० मैलांना इंजिन ३,९०० फेऱ्यांवर फिरते. पेट्रोल इंजिनाला हे त्रासदायक. टीडीआयची कमाल ताकद ४,००० फेऱ्यांवर येत असल्याने त्याला तर हे असह्यच. त्यात कोणी बेलहाउसिंगबरोबर जुन्या १.६ डिझेलचा पूर्ण गिअरबॉक्सच स्वस्तात घेतला तर परिस्थिती आणखी बिघडते, कारण तो पन्नास अश्वशक्तीच्या इंजिनासाठी मुद्दाम ‘लहान’, म्हणजे त्याच वेगाला अधिक फेऱ्या घेणारा, ठेवलेला होता. म्हणून टीडीआय घ्यायचा तर वरच्या गिअरचे प्रमाण लांब (त्याच वेगाला कमी फेऱ्यांचे) करून घेण्याचा खर्च त्याच अंदाजपत्रकात हवा.

सुबारूबद्दल लोकांचे मत टोकाचे असते. २.२ लिटरचे इंजिन मला आवडते. तेही समोरासमोर सिलिंडरांचे, सपाट असल्याने मागच्या जागेत नैसर्गिकपणे मावते. १९९६ पर्यंतच्या त्याच्या आवृत्तीत टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, हा गुण लहान नव्हे. पण आपल्या कसोटीवर पाहिले, तर सुमारे १३५ अश्वशक्तीचे हे इंजिन २,८०० फेऱ्यांना अंदाजे ५० किलोवॅटच देते, म्हणजे २.१ डीजेइतकेच. त्याचा सारा थाट तिसऱ्या गिअरमध्ये, ४,००० च्या पुढे दिसतो. ज्याला मोटरवेवर ओव्हरटेक करायचे आहे त्याला ते पर्वणी आहे. ज्याला चौथ्यात निवांत चढायचे आहे त्याची निराशा होण्याचा संभव आहे. २.५ लिटरचे इंजिन खालच्या फेऱ्यांवर यापेक्षा बरे, परंतु त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या हेड गॅस्केटच्या तक्रारींसाठी ओळखल्या जातात. हेड गॅस्केटला कंटाळलेल्या माणसाने ते इतिहास न तपासता घेणे मला पटत नाही.

बसवण्याचे कामही दिसते त्यापेक्षा जास्त असते. ॲडॉप्टर प्लेट आणि फ्लायव्हील तयार मिळतात, तो भाग सोपा. पाण्याची वाट उलट दिशेला वळवावी लागते, खाली लोंबणारा ऑइल चेंबर कापून आखूड करावा लागतो, सायलेन्सर नव्याने घडवावा लागतो, आणि मूळ गाडीच्या वायरिंगमधून इंजिनापुरता हिस्सा वेगळा काढावा लागतो. ही वायरिंग कोणी केली यावर पुढील दहा वर्षांचे सुख अवलंबून असते. तारांना खुणा नसतील आणि आराखडा कागदावर नसेल, तर पावसात एखाद्या गावी गाडी बंद पडल्यावर तेथील मेकॅनिक बॉनेटही उघडणार नाही (या गाडीला ते मागे, गादीखाली आहे, हे त्याला आधी सांगावे लागेल).

इंजिन कोणतेही घ्या, पेट्रोलच्या नळ्यांकडे मात्र दुर्लक्ष करू नका. इंजेक्शनच्या इंजिनाला अधिक दाबाचा पंप आणि त्या दाबाला टिकणाऱ्या नळ्या लागतात. कार्ब्युरेटरच्या जुन्या नळ्यांवर तो दाब देणे धोक्याचे आहे. शिवाय ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधे पेट्रोल १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे आहे आणि जुने रबर त्याने लवकर कडक होऊन तडकते. या गाड्यांना मागे आग लागण्याचे प्रकार घडतात, त्यामागे बहुधा अशी एखादी तडकलेली नळीच असते.

गिअरबॉक्स हा पुढचा मुद्दा. तो ७८ अश्वशक्तीच्या इंजिनासाठी, पस्तीसहून अधिक वर्षांपूर्वी बनला आणि बहुधा एकदाही उघडला गेलेला नाही. वाढीव टॉर्क लगेच त्याला मोडणार नाही. परंतु ज्याचे तिसऱ्या-चौथ्या गिअरचे भाग आणि बेअरिंग आधीच झिजले आहेत, त्याला नवे इंजिन काही महिन्यांत उघडे पाडते. माझा शिरस्ता असा की तेल काढून त्यातील धातूचा चुरा पाहायचा, तिसऱ्यात पेडल सोडल्यावर गिअर बाहेर उडी मारतो का ते पाहायचे, आणि शंका असल्यास इंजिनाआधी गिअरबॉक्सचे काम करायचे. तो उघडलेलाच असताना चौथ्या गिअरचे प्रमाण बदलता येते किंवा पाच गिअरांचा मूळ बॉक्स शोधून बसवता येतो. तिसऱ्या आणि चौथ्यामधील दरी हीच अनेकदा चढावरील खरी डोकेदुखी असते: तिसरा ओरडतो, चौथा दम तोडतो.

थंड करणे आणि थांबवणे यांविषयी थोडक्यात. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असल्याने गाडीच्या पोटाखालून लांब नळ्या जातात व सोळा-सतरा लिटर कूलंट खेळते. अधिक ताकद म्हणजे अधिक उष्णता, म्हणून रेडिएटर जुना असेल तर नवा घ्यावा, नळ्या बदलाव्यात, आणि भरताना गाडीचे नाक उंच करून हवा पूर्ण काढावी. पुढे साध्या डिस्क आणि मागे ड्रम असलेले मूळ ब्रेक चांगल्या अवस्थेत असतील तर २.१ किंवा ९० अश्वशक्तीच्या टीडीआयला पुरतात. सुबारू बसवणाऱ्यांना मी हवा खेळती राहणाऱ्या मोठ्या डिस्क लावायला सांगतो, आणि त्यासाठी सहसा मोठी चाके लागतात हेही सांगतो.

कागदपत्रांबाबत ब्रिटनमध्ये मार्ग मोकळा आहे, पण तो चालावा लागतो. इंजिन क्रमांक, क्षमता आणि इंधन यांतील बदल डीव्हीएलएला (तेथील वाहन नोंदणी खात्याला) नोंदणीपत्रासह कळवायचा असतो. विमा कंपनीला गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वीच सांगावे; न सांगितलेला बदल अपघातानंतर फार महाग पडतो. एमओटीत, म्हणजे वार्षिक वाहन तपासणीत, धुराची मर्यादा आपल्या काळच्या गाडीला वाहन किंवा इंजिन यांपैकी जे जुने असेल त्याप्रमाणे लागते, त्यामुळे १९९५ चे इंजिन घातले म्हणून कडक चाचणी लागत नाही. बर्मिंगहॅमच्या स्वच्छ हवा क्षेत्राचे मात्र वेगळे आहे: तेथे डिझेलला युरो ६ हे धुराचे कडक युरोपीय मानक लागते आणि जुना टीडीआय त्याच्या जवळपासही नाही. आपली गाडी ४० वर्षांची होऊन ऐतिहासिक करवर्गात गेली की हा प्रश्न सुटेल, तोवर शहरात जाण्याचे शुल्क भरावे लागेल.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी एक इशारा देणे आवश्यक वाटते. तेथील जुन्या मॅटाडोर किंवा ट्रॅव्हलरमध्ये हाच प्रयोग करावासा वाटेल, पण भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. तेथे मूळ इंजिनाचे नीट काम करून घेणे आणि गरज पडल्यास आरटीओच्या मंजुरीने त्याच जातीचे इंजिन बसवणे, हाच शहाणपणाचा मार्ग.

आपल्यासाठी माझा कौल असा. आपण वर्षातून मोजक्याच वेळा, पण कुटुंबासह आणि घरापासून दूर जाता. स्वतः हत्यारे हाताळत असल्याचे आपण लिहिलेले नाही. आणि इंजिन तसेही उघडावे लागणार आहे. अशा स्थितीत मी २.१ लिटरचे, नव्या किंवा नीट दुरुस्त केलेल्या हेडांसह बांधलेले इंजिन आणि तपासून घेतलेला गिअरबॉक्स निवडेन. टीडीआय मी तेव्हाच सुचवेन, जेव्हा आपले दरवर्षीचे अंतर बरेच जास्त असेल आणि गिअर बदलण्याचा खर्च आपण आधीच मान्य केलेला असेल. सुबारू घ्यायचेच ठरले तर २.२ घ्यावे, आणि ते अशा कारागिराकडून बसवून घ्यावे, ज्याने बसवलेल्या गाड्या निदान दोन-तीन वर्षे चालल्या आहेत व ज्यांचे मालक आपल्याशी बोलायला तयार आहेत.

गॅरेजला होकार देण्यापूर्वी त्यांच्याकडून लेखी अंदाजपत्रक मागा आणि त्यात इंजिनाव्यतिरिक्त रेडिएटर, कूलंटच्या नळ्या, पेट्रोलच्या नळ्या, क्लच, सायलेन्सर, वायरिंगचा आराखडा आणि गिअरबॉक्सची तपासणी यांच्या स्वतंत्र ओळी आहेत का ते पाहा. त्यात केवळ इंजिन आणि मजुरी एवढेच लिहिलेले असेल, तर बाकीची बिले मागाहून येणार आहेत. वजनकाट्याची पावती, चार सिलिंडरांचे कॉम्प्रेशन आणि गिअरबॉक्सवर कोरलेली दोन किंवा तीन अक्षरे मला कळवलीत, तर चौथ्या गिअरचे कोणते प्रमाण आपल्याला योग्य राहील ते नेमके सांगता येईल.